बाळंतपणानंतर उगाच रडू येते, ते हार्मोनमुळे असते का?
होय, बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच येणाऱ्या रडण्यामागे हार्मोनची अचानक होणारी घसरण हे एक मोठे कारण मानले जाते. गरोदरपणात वारेतून भरपूर तयार होणारे प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वार पडताच झपाट्याने उतरते. त्यापासून बनणारे ॲलोप्रेग्नॅनोलोन हे रसायन मेंदूतील ‘गाबा’ या शांतवणाऱ्या यंत्रणेला बळ देत असते, तो आधार एकाएकी कमी होतो, आणि मग बाळाने दूध नीट ओढले नाही एवढ्यावरूनही डोळे भरून येतात. मात्र ही घसरण प्रत्येक बाळंतिणीत होते, नैराश्य सर्वांना येत नाही. पूर्वीचा मानसिक आजार, अपुरी झोप आणि घरच्यांची साथ यांवरही बरेच अवलंबून असते. उदासी २ आठवड्यांहून अधिक टिकल्यास, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार आल्यास त्याच दिवशी, सव्वा महिना संपण्याची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे.