बीएस६ (धुराच्या कडक नियमांची) डिझेल गाडी रोज म्हापसा-पणजी चालवतो. डीपीएफ काढला तर अ‍ॅव्हरेज आणि पिकअप वाढेल का?

वाढेल थोडं. पण डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काढू नका. माझ्या मेव्हण्यालाही एका गॅरेजवाल्याने हेच सुचवलं होतं. म्हणे, "आतली जाळी फोडतो, रिमॅप मारतो (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलतो), गाडी नुसती उडेल." त्यावरून चतुर्थीत आमच्या घरी पानावर बसून भांडण झालंय.

मेव्हण्याची गाडी पर्वरीहून पोरांच्या शाळेपर्यंत जाते आणि परत येते, बस्स. इंजिन धड तापतही नाही. फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळायला तिथे ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि त्यासाठी गाडी जादा डिझेल मारते. ते काम अर्ध्यात असताना हा किल्ली काढून मोकळा! पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. अ‍ॅव्हरेज जातं ते इथे. वर न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. मी डिपस्टिक ओढून दाखवली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर आणि बोटाला डिझेलचा वास. हा म्हणतो, "ऑइल वाढलंय, मग चांगलंच ना?"

शेवटी गाडी मीच काढली. म्हापशाहून हायवेने पेडण्याच्या बाजूला, गिअर मुद्दाम एक खालचा, आरपीएम २००० च्या वर. धारगळच्या सुमारास स्क्रीनवरचं अ‍ॅव्हरेज धाडकन पडलं, म्हणजे जळायला सुरुवात झाली. पत्रादेवी यायच्या आत डीपीएफची लाइट गेली. इंजिन बंद केलं तरी पंखा घरघरतच होता. गॅरेजवाल्याला एक पैसा द्यावा लागला नाही.

पिकअपचं म्हणाल तर ईजीआरकडे बघा, म्हणजे जळका धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या व्यवस्थेकडे. तो सिलिंडरमध्ये घातला की नॉक्स (धुरातले विषारी नायट्रोजन ऑक्साइड) कमी होतो, पण काजळी वाढते आणि इनटेक तुंबतो. युरियावाल्या गाड्यांत धुरात युरिया फवारून नॉक्सचा निकाल सायलेन्सरकडे लागतो, त्यामुळे इंजिन मोकळं ट्यून करता येतं आणि डिझेल वाचतं. तेव्हा २०२० पासून बीएस६च्या नावाने चाललेलं रडगाणं पुरे.

हां, डीपीएफची लाइट लुकलुकत असेल किंवा गाडी ओढतच नसेल तर हायवेचा नाद नको, सरळ सर्व्हिसला न्या. ऑइलची राख काही केल्या जळत नाही, म्हणून ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच, कमी राखेचं घाला. तुमचा म्हापसा-पणजी पट्टा तसा बरा आहे, पण पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये रोज रखडत असाल तर अधूनमधून लांब फेरी हवीच. मेव्हण्याला मी शोरूममध्येच सांगितलं होतं, शाळेपुरती गाडी हवी तर पेट्रोल घे. तेव्हा त्याला डिझेल स्वस्त दिसत होतं.