परदेशातून आलेली नात जवळ येत नाही तेव्हा

ऑक्टोबरच्या सुरुवातीला साताऱ्याचं एक जोडपं समुपदेशनाला आलं. आजी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, आजोबा सरकारी नोकरीतून निवृत्त. मुलगा-सून म्युनिकला, नात साडेतीन वर्षांची. डिसेंबरच्या सुट्टीत तिघं तीन आठवड्यांसाठी येणार होते आणि घरात आनंदापेक्षा धास्तीच जास्त होती. वर्षापूर्वीच्या भेटीत नात आजीला बघून किंचाळली होती. आठ दिवस तिने आईचा पदर सोडला नाही, आजोबांनी हात पुढे केला की तोंड फिरवायची. “चाळीस पोरांचा वर्ग एका हाकेत गप्प करायचे मी,” आजी म्हणाल्या, “आणि माझ्या रक्ताची नात मला बघून पलंगाखाली शिरते.”

कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत. काळजी मात्र फार घरांतली आहे. दिवाळी, डिसेंबर आणि मे महिना जवळ आला की ती घेऊन कुणी ना कुणी येतंच.

आजींच्या मनात दोन गोष्टी रुतून बसल्या होत्या. पहिली, “सहा महिन्यांची होती तेव्हा आम्ही तिकडे गेलो होतो, माझ्याच कुशीत झोपायची. मग आता काय झालं?” याचं उत्तर बाळाच्या वाढीत आहे. सहा महिन्यांचं बाळ सहसा कुणाकडेही जातं. आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास त्याला ओळखीचा आणि अनोळखी चेहरा यांतला फरक टोचायला लागतो, आणि ती भीती पुढे काही मुलांत बराच काळ टिकते. शिवाय सहाव्या महिन्यातली कूस मोठेपणी आठवत नाही. आजींकडे नातीच्या आठवणी होत्या, नातीकडे आजीची एकही नव्हती. दोघी एकाच दारात उभ्या होत्या, पण एकीसाठी ती पुनर्भेट होती आणि दुसरीसाठी पहिली भेट.

दुसरी गोष्ट आजींनी तिसऱ्या बैठकीत, आजोबा पाणी प्यायला बाहेर गेल्यावर सांगितली. नाशिकला आईच्या माहेरी हीच मुलगी छान रमली होती. “म्हणजे सुनेनेच तिला आमच्यापासून लांब ठेवलंय ना?”

हा संशय मनात ठेवून डिसेंबर उगवला असता तर पुढचं काहीच जमलं नसतं. म्हणून आम्ही मागच्या भेटीचा पहिला दिवस तासातासाने कागदावर मांडला. विमान मध्यरात्रीनंतर मुंबईत उतरलं. तिथून थेट गाडीने सातारा, सकाळी आठला दारात. जर्मनीच्या घड्याळात तेव्हा पहाटेचे साडेतीन होते. मुलगी बाबाच्या खांद्यावर गाढ झोपेत. दारात शेजारपाजारचे दहाबारा लोक. भाकरतुकडा ओवाळला, पायावर पाणी घातलं, मग निरांजन चेहऱ्याजवळ आलं, आणि आजींनी मायेने झोपेतल्या मुलीला खांद्यावरून उचलून घेतलं. डोळे उघडले तेव्हा तिच्यासमोर ज्योत होती, अनोळखी माणसं होती आणि अंगाला अनोळखी हात. ती किंचाळली यात नवल काय? दुसऱ्या दिवशी सत्यनारायण, चाळीस पानं. सून सकाळपासून स्वयंपाकघरात, मग साडी नेसून हळदीकुंकवाला. मुलगा मित्रांत.

नाशिकला हे कुटुंब अकराव्या दिवशी पोचलं होतं. झोप मार्गी लागली होती, कुणी समारंभ ठेवला नव्हता, आणि आई दिवसभर गादीवर पाय पसरून बसलेली होती. लहान मूल अनोळखी माणसाकडे बघण्याआधी आईच्या चेहऱ्याकडे बघतं. आई निवांत असेल तर माणूस बरा, आई ताणात असेल तर माणूस धोक्याचा, एवढा साधा त्याचा हिशेब असतो. साताऱ्यात आईचा चेहरा ताणलेला होता आणि बराच वेळ तो दिसतही नव्हता. बाळ जिथून निघून पुन्हा जिथे परततं तो खुंटाच हलत राहिला, तर बाळ त्याला जास्तच चिकटणार. आजींना हे पटायला वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, “म्हणजे नातीला जवळ करायचं तर आधी सुनेला बसायला जागा द्यायला हवी.” यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं.

काही मुलांचा पिंडच सावकाश खुलणारा असतो हेही खरं. न्यूयॉर्कमध्ये 1956 साली सुरू झालेल्या थॉमस आणि चेस या संशोधकांच्या दीर्घ अभ्यासात सुमारे 15 टक्के मुलं या गटात आढळली होती. अशा मुलांना ढकललं की ती मागे सरकतात, थांबून राहिलं की स्वतःहून पुढे येतात.

कामाला सुरुवात केली ती व्हिडिओ कॉलपासून. आधीचा कॉल भारतीय वेळेनुसार रात्री साडेनऊला व्हायचा, तिकडे संध्याकाळचे सहा. मुलगी पाळणाघरातून दमून, भुकेजून आलेली. इकडे आत्या, काकू, शेजारच्या वहिनी सगळ्या एका फोनमध्ये डोकावणाऱ्या. आणि आजींची शिक्षिकेची सवय: हा रंग कोणता? नाव सांग. मराठीत म्हण बघू! दोन मिनिटांत मुलगी पळायची. आम्ही वेळ बदलून तिकडच्या नाश्त्याची, सकाळी साडेसातची केली. आठवड्यातून तीनदा, फक्त आठ मिनिटं, समोर फक्त आजी किंवा आजोबा. फोन हातात धरायचा नाही, डब्यांच्या आधाराने चेहऱ्याच्या उंचीवर उभा करायचा. जागा रोज तीच, खिडकीजवळची. उजेड चेहऱ्यावर हवा, पाठीमागे नको. नाहीतर मुलाला नुसती काळी आकृती दिसते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळं एक तास मागे जातात आणि साडेतीन तासांचं अंतर साडेचार तासांचं होतं, हे सांगायचं राहून गेलं. आजींनी नेहमीप्रमाणे अकराला फोन लावला आणि अख्खं घर पहाटे साडेसहाला उठवलं. तेव्हापासून भिंतीवरच्या कालनिर्णयवर ‘बाराला’ असं लाल पेनाने लिहिलं गेलं.

कॉलमध्ये प्रश्न पूर्ण बंद. आजींना सर्वांत अवघड गेलं ते हेच. प्रश्न विचारला की लाजऱ्या मुलाला ती परीक्षा वाटते आणि त्याचं तोंड मिटतं. प्रश्नाऐवजी आपण करतोय ते बोलायचं: “मी डबा हलवतेय. आत काहीतरी वाजतंय.” त्यासाठी मुठीएवढा एक स्टीलचा डबा ठरवला. रोज त्यात वेगळी वस्तू: चिंचोके, सुपारी, घुंगरू, बटणं. आधी वाजवायचा, थोडं थांबायचं, मग उघडायचा. पडद्यावर दिसलेली वस्तू आणि खरी वस्तू यांची सांगड घालणं लहान मुलांना आपल्याला वाटतं त्यापेक्षा अवघड जातं. म्हणून तोच डबा, तीच जागा, आजींचा तोच चष्मा. पहिले चार कॉल मुलगी नुसती पाव खात बघत बसली. आजी निराश झाल्या, पण वेळ पाळत राहिल्या. पाचव्या कॉलला डबा उघडायला उशीर झाला तेव्हा मुलीने टेबलावर हात आपटला. सातव्या-आठव्या कॉलपर्यंत ती स्वतःची वाटी घेऊन वाजवायला लागली.

दरम्यान मुलगा आणि सून एका बैठकीला ऑनलाइन होते. तिथे काही गोष्टी स्पष्ट ठरल्या. पहिले तीन दिवस घरात पाहुणे नाहीत. सत्यनारायण दहाव्या दिवशी, स्वयंपाक बाहेरून. मुंबईत उतरल्यावर रात्र हॉटेलात काढून दुपारी गाडी. ओवाळणं आई-बाबांचं, मुलगी हवी तर आईमागे उभी राहून बघेल. पापी, मिठी, मांडी यांतलं काहीही मागायचं नाही. तिने दिलं तर घ्यायचं. आजोबांना हे लागलं. “आजोबाने पापी मागायची नाही?” त्यांना सांगितलं की ‘नको असेल तर नाही म्हण’ हेच तिला पाळणाघरात शिकवतात, आणि तिने ते उद्या परक्या माणसाला म्हणावं असं तुम्हालाही वाटतं. ते बराच वेळ गप्प होते, मग मान हलवली.

झोपेचं गणित वेगळं मांडावं लागतं, कारण बहुतेक घरांत इथेच चूक होते. जर्मनीहून हिवाळ्यात इकडे आल्यावर शरीराचं घड्याळ साडेचार तास मागे असतं. तिथे रात्री आठला झोपणारं मूल इथे साडेबाराशिवाय पेंगत नाही, आणि सकाळी सातला उठणारं मूल साडेअकराला उठतं. त्याला पहाटे सहाला उठवून उन्हात नेलं तर घड्याळ पुढे सरकायच्या ऐवजी आणखी मागे जाऊ शकतं. पहिल्या सकाळी साडेनऊच्या सुमारास उठवून अंगणात न्यावं, मग रोज पाऊण-एक तास अलीकडे आणावं. दुपारची झोप तासाभरात आवरावी. संध्याकाळी दिवे मंद, टीव्ही-मोबाइल बंद. चार-पाच दिवसांत गाडी रुळावर येते. तोवर मुलाच्या हट्टाला स्वभाव समजू नये.

पोचल्या दिवशी मुलगी आईच्या मागे लपली. अपेक्षेप्रमाणेच. आजी “आलीस गं!” एवढं म्हणून आत गेल्या आणि ओटीवर सतरंजी टाकून बसल्या, शेजारी डबा. हाक नाही, काही नाही. चाळीस मिनिटांनी मुलगी आईचं बोट धरून डब्याकडे आली.

खरी मैत्री जमली ती मटारांवर. डिसेंबरात बाजारात मटार असतो आणि दोन किलो शेंगा सोलायला तासभर लागतो. समोरासमोर बसलं की मुलावर डोळे रोखले जातात. शेजारी बसून दोघांची नजर एकाच परातीत असली की ते ओझं नसतं. आजी शेंगेचं टोक दाबून ‘टप्’ आवाज काढायच्या, अंगठ्याने दाणे परातीत सांडायच्या आणि पुढची शेंग अर्धी उघडून जमिनीवर ठेवून द्यायच्या. दिली नाही, नुसती ठेवली. तिसरी शेंग मुलीने उचलली. एक जोखीम आधीच सांगून ठेवली होती: या वयात दाणा नाकात घालायची खोड असते, तेव्हा एका मोठ्या माणसाचं लक्ष तिच्या हातांकडे हवंच. आणि सून? ती पलीकडे खुर्चीत चहा पीत बसली होती, बसूनच राहिली, हे ठरवून केलेलं होतं. रोज सकाळी अकराला मटार, नाहीतर कोथिंबीर निवडणं; संध्याकाळी आजोबांबरोबर तुळशीला पाणी, छोट्या तांब्याने.

सगळं जमलं असं नाही. मुलीला मराठी कळत होतं, पण उत्तरं जर्मनमध्येच यायची. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांत हे सर्रास दिसतं. आजींनी दुरुस्त करणं सोडलं आणि तिचंच वाक्य मराठीत म्हणून पुढे जाणं सुरू केलं. वरणभात सहाव्या दिवशी दोन घास गेला. पूजेच्या दिवशी ती पुन्हा मिटली आणि अर्धा दिवस वरच्या खोलीत बाबाजवळ राहिली. त्याची तयारी होती, म्हणून कुणी रुसलं नाही. आजीच्या मांडीवर ती बाराव्या दिवशी बसली, तेही मटाराची परात आजीच्या मांडीवर होती म्हणून. आजोबांना पापी मिळाली नाही. पण तांब्या ती दुसऱ्या कुणाच्या हातात देईना.

अशा प्रत्येक घरी एक गोष्ट तपासून घेतो. मूल आईवडिलांशी मोकळं बोलतं का? बोलत असेल तर पाहुण्यांपुढचं मौन काळजीचं नाही. पण ते आईवडिलांच्याही हाकेला वळत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, येणारे शब्द हरवत असतील, किंवा घरी बडबडणारं मूल शाळेत महिनोन्महिने एकही शब्द काढत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. ‘मोठं झालं की बोलेल’ म्हणून थांबू नये.

आजी-आजोबांची शेवटची बैठक फेब्रुवारीत झाली. आता मे महिन्यात ते म्युनिकला निघालेत. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. ते काम मुलगा बघतोय. आजींचा प्रश्न वेगळा होता: डबा तर नातीने तिकडे नेला, आता आपण काय न्यायचं? ठरलं असं की तिच्यासाठी पहिल्या दिवशी काहीच काढायचं नाही. यावेळी घर तिचं, पाहुणे हे दोघं. चपला कुठे ठेवायच्या, नळ कुठल्या बाजूला फिरवायचा, कचऱ्याचा कुठला डबा कशाचा, हे सगळं नातीने दाखवायचं आणि शिक्षिकाबाईंनी शिकायचं.