शाळा सोडायची घाई कुणाला आहे?

प्रश्न : मुलगा चौदा वर्षांचा, सीबीएसईच्या नववीत. मोटारसायकल रेसिंगमध्ये करिअर करायचं ठरवलं आहे. रोज पहाटे इथल्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर मीच सराव करून घेतो. मध्ये कॉलरबोन मोडलं होतं, पण तीन आठवड्यांत गाडीवर बसवलं. शाळेत फार वेळ जातो. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी करून पूर्ण वेळ रेसिंगला द्यावा का? उशीर झाला तर संधी जाईल. – एक वडील, सुदामानगर, इंदूर

उत्तर : तुम्ही विचारलंत शाळेचं, पण मी कॉलरबोनपाशीच अडकले. तीन आठवडे कुणी ठरवले? हाड जुळलं की नाही हे एक्स-रे बघून डॉक्टर सांगतात. रेसिंगच्या गाडीवर जोरात ब्रेक दाबला की अंगाचा भार हातांवर आणि खांद्यांवर येतो. दुखत असेल तर मुलगा तुम्हाला सांगेल? हेल्मेट, लेदर सूट, टायर, स्पर्धांसाठी चेन्नईला जाण्याचं भाडं, सगळं घरात मोजलं जातं हे त्याला दिसतंच. पहाटे पाचला तयार उभ्या असलेल्या वडिलांना ‘बाबा, आज नको’ म्हणणं कुठल्याही मुलाला जड जातं. पत्रभर त्याचं स्वतःचं म्हणणं एका ओळीतही नाही. त्याच्या आईचंही नाही.

आणि सुपर कॉरिडॉरवरचा सराव आजपासून बंद. तिथे घसरलात तर थांबायला मोकळी जागा (रन-ऑफ) नाही, इशारा द्यायला मार्शल नाहीत, रुग्णवाहिका नाही. दुभाजक आहे आणि दूधवाले आहेत. मोटरस्पोर्ट फेडरेशनच्या परवान्यावर, तुमच्या संमतीने, बंद ट्रॅकवर तो गाडी चालवू शकतो. रस्त्यावर सोळाच्या आत काहीच नाही. मोटार वाहन कायद्यातल्या 2019च्या दुरुस्तीनंतर यासाठी पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड होऊ शकतो. मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही, ते वेगळंच.

उशिराची भीती मला बऱ्याच पालकांकडून ऐकू येते. 2021च्या एकाच मोसमात युरोपातल्या ट्रॅकवर तीन कोवळे रायडर जिवानिशी गेले, वयं 14, 15 आणि 19. त्यानंतर मोटारसायकल रेसिंगच्या आंतरराष्ट्रीय फेडरेशनने वयाच्या अटी वर नेल्या. मोजके अपवाद सोडले तर 2023पासून मोटो-थ्री या जागतिक स्पर्धेला किमान वय अठरा आहे. खालच्या स्पर्धा लवकर सुरू होतात, हे खरं. पण आपल्याकडे राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या वर्षात मोजक्याच, त्याही शनिवार-रविवारी, बहुतेक चेन्नई किंवा कोइम्बतूरला. त्यासाठी रोजची शाळा कशाला सोडायची? इंदूरच्या रायडरला नडतं ते ट्रॅकचं अंतर आणि खर्च. पीथमपूरचा नॅट्रॅक्स जवळ आहे म्हणाल, तर 11.3 किलोमीटरचा तो हायस्पीड ट्रॅक वाहनं तपासण्यासाठी बांधलाय, पोरांच्या सरावासाठी नव्हे. तिथे टेस्ट इंजिनिअर मात्र लागतात, आणि त्यांना गणित यावं लागतं.

एनआयओएसमध्येही पाच विषय आणि असाइनमेंट्स असतातच, पळवाट म्हणून तिकडे बघू नका. दहावी याच शाळेतून होऊ द्या. राष्ट्रीय स्पर्धा असेल तेव्हा 75 टक्के हजेरीत सूट मागा, मुख्याध्यापकांना आधी पत्र देऊन.

या आठवड्यात नवा एक्स-रे काढा आणि फिट असल्याचं डॉक्टरांकडून लिहून घ्या. तोवर गाडी झाकलेली आणि किल्ली त्याच्या आईकडे. या काळात रेसिंगचा विषय तुम्ही काढू नका. त्याने काढला, तर पुढचं पत्र त्यालाच लिहू द्या, तुम्ही न वाचता पाठवा.