रूट कॅनलमध्ये केमिकलऐवजी हळद, कडुलिंब किंवा प्रोपोलिस ठेवलं तर चालेल का?

तुमचा प्रश्न असा: आईच्या दाढेचं रूट कॅनल सुरू आहे, पहिल्या सिटिंगला डॉक्टरांनी आत पांढरं औषध ठेवून दहा दिवसांनी बोलावलंय, आणि घरच्यांना वाटतं की हे केमिकल काढून काहीतरी नैसर्गिक ठेवावं. मी नागपुरात नंदनवनला बावीस वर्षं दातांचा दवाखाना चालवते. निम्मा दिवस रूट कॅनलमध्येच जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ते पांढरं औषध. बहुतेक वेळा ते कॅल्शियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे विरवलेला चुना. आपल्याकडे पानठेल्यावर खर्रा घोटताना जो चुना टाकतात, त्यातलं मुख्य रसायन हेच. जर्मनीच्या हर्मन यांनी १९२० मध्ये ते दंतवैद्यकात आणलं, आणि आजही सर्वांत जास्त वापर त्याचाच आहे. हे सांगितलं की पेशंट म्हणतात, "मंग घरचाच चुना लावला असता ना जी मॅडम!" कृपा करून तसं करू नका. पानाचा चुना औषधाच्या दर्जाचा नसतो आणि हिरडी भाजतो. दवाखान्यातला शुद्ध असतो, त्याचा पीएच साडेबाराच्या आसपास असतो, आणि तो फक्त मुळाच्या नळीत भरून वरून बंद केलेला असतो. इतक्या तीव्र अल्कलीत बहुतेक जंतू तग धरत नाहीत. पण त्याला किमान आठवडा लागतो. दहा दिवसांनी बोलावलंय ते त्यासाठीच.

तरीही जगभर नैसर्गिक पर्याय शोधले जातात, त्यामागे एक खमका जंतू आहे: एन्टरोकॉकस फीकॅलिस. रूट कॅनल होऊनही पुन्हा दुखू लागलेल्या दातांत तो बरेचदा सापडतो. बाहेर बरीच अल्कली असली तरी हा प्रोटॉन, म्हणजे आम्लता वाढवणारे कण, आत ओढून आपल्या पेशीचा तोल सांभाळतो. शिवाय दाताचं डेंटिन, म्हणजे वरच्या कठीण थराच्या आतला भाग, चुन्याचा जोर थोडा कमी करतं. त्या डेंटिनमध्ये एक-दोन मायक्रॉन रुंदीच्या हजारो सूक्ष्म नळ्या असतात, आणि हा जंतू त्याहून बारीक, त्यामुळे तो आत जाऊन बसतो.

प्रयोगशाळेत, काढलेल्या दातांवर, या जंतूविरुद्ध प्रोपोलिस, त्रिफळा, कडुलिंब, नोनी या फळाचा रस, हळदीतलं कर्क्युमिन या सगळ्यांनी आशा वाटावी असे निकाल दिले आहेत. मला याचा मनापासून आनंद आहे. पण तोंडातला जिवंत दात आणि काचेच्या बशीतला दात यांत मोठं अंतर आहे. प्रोपोलिसचंच घ्या. मधमाश्या झाडांचा डिंक गोळा करून पोळ्याच्या फटी लिंपतात, तो हा पदार्थ. झाडं बदलली की त्यातले घटक बदलतात. ब्राझीलचं वेगळं, युरोपचं वेगळं. आपली सातेरी माशी तर ते फारसं गोळाच करत नाही, परदेशातून आणलेली मेलिफेरा माशी करते. मग दर वेळी तीच ताकद मिळेल याची खात्री कशी द्यायची? हळदीचं दुखणं निराळं: कर्क्युमिन पाण्यात नीट विरघळत नाही, आणि दात पिवळा पडण्याची भीती असते. कर्क्युमिनवर निळा प्रकाश टाकून जंतू मारण्याचे प्रयोग चालू आहेत, ते मला जास्त भरवशाचे वाटतात.

आणि एक गोष्ट या चर्चेत सुटते. आत ठेवलेलं औषध दुय्यम आहे, खरं काम सफाईचं. आम्ही फाइलने, म्हणजे बारीक कानशीने, नळी घासतो आणि सोडियम हायपोक्लोराइटने धुतो. ते जंतू मारतं, शिवाय सडलेली नस विरघळवतं. कडुलिंबाचा अर्क जंतूंना आवरेल, पण नस विरघळवण्याचं काम त्याच्याकडून होत नाही. आत मेलेली नस शिल्लक राहिली तर वर काहीही ठेवा, जंतूंना खायला मिळतच राहतं.

नैसर्गिक पदार्थांशी आमचं वैर मुळीच नाही. दातांच्या दवाखान्यात शिरताच जो ओळखीचा वास येतो तो युजेनॉलचा, म्हणजे लवंगेचा. झिंक ऑक्साइडमध्ये मिसळून त्याचं सिमेंट होतं. शेवटी नळीत भरतात ती गुलाबी काडी गुट्टापर्चाची, तोही मलेशियाकडच्या झाडाचा चीक. पण प्रमाण पाळावं लागतं. मागच्या उन्हाळ्यात उमरेडहून एक काका आले होते. रूट कॅनल अर्धवट सोडलेलं, दाढेतलं तात्पुरतं सिमेंट पडलेलं, आणि त्या खड्ड्यात तीन दिवस लवंगतेलात भिजवलेला कापसाचा बोळा. बोळा काढला तर शेजारची हिरडी पांढरीफटक, भाजलेली, हात लावू देईनात. दुखणं थांबलं होतं, म्हणून त्यांना वाटलं बरं होतंय. आत मात्र लाळ शिरून सगळं पुन्हा सडलं होतं. आम्हाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

म्हणून आईचं औषध काढायला लावू नका, आणि घरून काही घालूही नका. तात्पुरतं सिमेंट पडलं किंवा त्याचा तुकडा उडाला तर दहा दिवसांची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात जा. त्या बाजूने चावू देऊ नका. सूज आली, ताप आला तर थांबू नका. खर्चाची अडचण असेल तर नागपूरच्या मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात रूट कॅनलचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे दाखवा.

दुसऱ्या सिटिंगला डॉक्टर चुना धुऊन नळीत कागदाची एक बारीक काडी घालतील, पेपर पॉइंट म्हणतात तिला. ती बाहेर काढल्यावर टोकाकडे बघा. कोरडी असेल, तिला घाण वास नसेल आणि दाढेवर ठोकल्यावर आईला दुखत नसेल, तर सहसा त्याच दिवशी दाढ भरता येते.