प्रेअरीवर जाऊ द्या, पण जमीन तारण ठेवून नको

पत्र : माझी मुलगी प्राणिशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमची शेती करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याला लागून. ऊस आणि केळी. मुलीला लहानपणापासून पाणपक्ष्यांचं वेड. आता ती म्हणते, अमेरिकेत नाहीतर कॅनडात प्रेअरीच्या गवताळ भागात जाऊन बदकांवर संशोधन करायचं. परदेशी शिक्षणाची कामं करणाऱ्या एका एजंटाने तिला पर्यावरण व्यवस्थापनाचा कोर्स सुचवला आहे. फी आणि राहणं धरून तीस लाखांच्या वर जातं. जमीन तारण ठेवावी लागेल. बदकं मोजून नोकरी लागते का? पक्षी आमच्या दारात येतात, तर एवढ्या लांब कशाला जायचं? त्यापेक्षा वनखात्याची परीक्षा का देऊ नये?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

कर्जाचं आधी सांगते. जमीन तारण ठेवू नका. मुलीला जे काम करायचं आहे, त्यासाठी स्वतःचे पैसे भरून जाण्याची पद्धतच तिकडे फारशी नाही. वन्यजीव संशोधनातली एम.एस. बहुतेक वेळा अशी होते : एखाद्या प्राध्यापकाला एका प्रकल्पासाठी निधी मिळतो, त्या प्रकल्पावर काम करायला तो विद्यार्थी निवडतो, विद्यार्थ्याची फी पूर्ण किंवा बरीचशी सुटते आणि वर दरमहा मानधन मिळतं. याला असिस्टंटशिप म्हणतात. मानधनात एकट्या माणसाचं साधं राहणं भागतं, घरी पाठवायला उरत नाही. कॅनडात प्रबंध लिहून एम.एस्सी. करायची, तर आधी एखाद्या प्राध्यापकाने हो म्हणावं लागतं, मगच प्रवेश. या जागा प्राध्यापक स्वतः भरतात. मध्ये एजंटाचं काही काम नसतं, म्हणून त्याच्या यादीत त्या दिसणारही नाहीत. त्याने सुचवलेला कोर्स वर्गात बसून पुरा होणारा आहे. तो करून मुलगी चिखलात पाय न घालता पदवी घेईल, आणि या क्षेत्रात पहिला प्रश्न विचारतात तो फील्डवर किती काम केलंत याचाच.

आता ती म्हणते ती जागा. अल्बर्टा, सस्कॅचवान, मॅनिटोबा हे कॅनडाचे प्रांत आणि खाली मोंटाना, नॉर्थ डकोटा, साउथ डकोटा, मिनेसोटा, आयोवा या राज्यांच्या काही भागांत मिळून सात लाख चौरस किलोमीटरहून मोठा पट्टा आहे. शेवटच्या हिमयुगातले बर्फाचे थर मागे हटले तेव्हा जमिनीत लाखो उथळ खळगे राहिले. वसंतात बर्फ वितळलं की ते भरतात, उन्हाळ्यात बरेचसे आटतात. उत्तर अमेरिकेतली निम्म्याहून जास्त बदकं याच पट्ट्यात अंडी घालतात. तुम्ही गाळपेर जमीन पाहिली आहे, पाणी उतरलं की तिथे काय पिकतं आणि काय काय खायला उतरतं हे तुम्हाला माहीत आहे. तिकडचं गणित त्याच्याच जवळचं आहे.

इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. थापट्या आणि तलवार बदक हिवाळ्यात उजनीवर येतात, पण ते फक्त हिवाळा काढायला. तुमच्याकडचे येतात मध्य आशियातून आणि सायबेरियातून, पण याच दोन जाती प्रेअरीतही घरटी करतात. बदकांची संख्या वाढते की घटते, हे मुख्यतः घरट्यावर ठरतं. मुलीला घरट्यांवर काम करायचं असेल, तर उजनीवर ते होणार नाही.

तलवार बदकाचीच गोष्ट घ्या, कारण ती शेतकऱ्याला लगेच कळेल. ही मादी वसंतात फार लवकर बसते आणि पुष्कळदा मागच्या हंगामाच्या धसकटातच घरटं करते. मग पेरणीपूर्व मशागतीचा ट्रॅक्टर येतो आणि अंडी जातात. पावसाची चांगली वर्षं आली तेव्हा इतर बदकं सावरली, हे तितकं सावरलं नाही. त्यावरचा एक उपाय संशोधक आणि शेतकऱ्यांनी मिळून पुढे आणला : गहू शरद ऋतूतच पेरायचा, म्हणजे वसंतात त्या रानात औत घालायची वेळ येत नाही. तिकडच्या संवर्धनाचं बरंचसं काम असं बांधावर उभं राहून होतं, कारण डकोटासारख्या राज्यांत बहुतेक जमीन खासगी आहे. आयोवातली जवळपास ९० टक्के पाणथळ जमीन आणि नॉर्थ डकोटातली सुमारे निम्मी चर खणून, पाणी काढून शेतीखाली गेली. उरलेली वाचवायला सरकार शेतकऱ्याशी कायमचा करार करतं. जमीन त्याचीच राहते, खळगा आपोआप आटला तर तो तिथे पेरूही शकतो. फक्त चर काढायचा नाही, भराव घालायचा नाही, सपाटीकरण करायचं नाही, जाळायचं नाही. त्याबद्दल त्याला एकरकमी पैसे मिळतात. शेतकऱ्याच्या दारात जाऊन त्याच्या भाषेत हे बोलू शकणारा संशोधक तिकडे फार मोलाचा. तुमच्या मुलीकडे हे घरातूनच आलेलं आहे. अर्जात तिने ते पहिल्या परिच्छेदात लिहावं. शेतकऱ्याच्या घरची आहे हे सांगायला मुलं का संकोचतात, मला कळत नाही.

एक गोष्ट घरात आधीच मोकळेपणाने बोलून घ्या. प्रेअरीतल्या बदकांच्या संवर्धनाचा मोठा पैसा शिकाऱ्यांकडून येतो. १९३० च्या दशकातल्या दुष्काळात बदकं झपाट्याने घटली, तेव्हा अमेरिकेत १९३४ मध्ये बदकांच्या शिकारीसाठी एक विशेष तिकीट (‘डक स्टॅम्प’) विकत घेणं सक्तीचं झालं. त्यातल्या प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जागा राखण्यावर जातात. १९३७ चा कायदा बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी देतो. ‘डक्स अनलिमिटेड’ ही मोठी संस्था त्याच वर्षी शिकाऱ्यांनी उभी केली. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकारीकडे आपण गुन्हा म्हणूनच पाहतो, आणि तुमच्या मुलीचा मार्गदर्शक कदाचित स्वतः शरदात बंदूक घेऊन जाणारा असेल. शिकाऱ्यांच्या या पैशाचा परिणाम मात्र आकड्यांत दिसतो. २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार १९७० पासून उत्तर अमेरिकेत बदकं-हंसांची संख्या ५६ टक्क्यांनी वाढली आणि गवताळ प्रदेशातले पक्षी ५३ टक्क्यांनी घटले. गवतातल्या छोट्या पक्ष्यांसाठी तिकीट कुणी विकत घेत नाही. माझं मत विचाराल तर तिने बदकांबरोबर या पक्ष्यांवरचे प्रकल्पही पाहावेत, कारण आज खरी गरज तिथे आहे.

प्रत्यक्ष काम कसं असतं? एप्रिलच्या शेवटापासून जुलैपर्यंत, पहाटेपासून. दोन गाड्यांच्या मध्ये लांब साखळी बांधून ती गवतावरून ओढत नेतात. साखळी जवळ आली की मादी उडते, मग घरटं सापडतं. अंडं नळीतून उजेडाकडे धरून आतलं पिल्लू किती दिवसांचं ते ठरवतात आणि आठवड्या-दहा दिवसांनी परत जाऊन पाहतात. डास, गोचिडी, वारा. हिवाळ्यात उणे ३० अंशांत खोलीत बसून आकडेमोड. या कष्टाच्या नोंदींतून विलक्षण गोष्टी हाती येतात. १९९५ मध्ये छापलेल्या डकोटातल्या एका अभ्यासात दिसलं की जिथे कोल्ह्याचं (तिकडचा लाल कोल्हा, आपल्या खोकडाचा भाऊबंद) राज्य तिथे बदकांची १७ टक्के घरटी यशस्वी झाली, आणि जिथे कायोटी हे लांडग्याच्या कुळातलं, कोल्ह्याहून मोठं श्वापद होतं तिथे ३२ टक्के. कायोटी कोल्ह्यांना टिकू देत नाही, आणि अंडी जास्त फस्त करतो तो कोल्हाच. मुलीला हे वाचून दाखवा. तिच्या डोक्यात लगेच सोलापूरच्या माळावरचे लांडगे आणि खोकड आले, तर ती या कामाची आहे.

नोकरीबद्दल स्पष्ट सांगते. बदकं मोजणं हा तिकडे पूर्ण वेळचा व्यवसाय आहे. १९५५ पासून, कोविडची दोन वर्षं सोडली तर, दरवर्षी मे महिन्यात विमानातून पाहणी होते आणि शिकारीचे नियम ठरवताना ते आकडे वापरतात. पण अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या या जागांना बहुतेक वेळा नागरिकत्व लागतं, आणि कॅनडातही नागरिक आणि कायम रहिवाशांना आधी घेतात. त्यामुळे तिकडेच स्थायिक होण्याच्या भरवशावर पाठवू नका. व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात, ते सरकारी संकेतस्थळावरच पाहावेत. परत आली तर पीएच.डी., संशोधन संस्था, प्रकल्पांवरच्या कंत्राटी जागा असा रस्ता आहे. तो अरुंद आहे आणि सुरुवातीचा पगार तुमच्या केळीच्या एका चांगल्या तोड्यापुढे कमीच वाटेल. काम मात्र खूप पडलं आहे. आपले माळ सरकारदप्तरी अजून पडीक म्हणून नोंदले जातात, नान्नजच्या अभयारण्यात माळढोक दिसणं दुर्मीळ झालं आहे, आणि माळ व पाणथळ दोन्ही जाणणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

वनखात्याची परीक्षा चांगली आहे. प्राणिशास्त्राच्या पदवीवर वनक्षेत्रपालाची किंवा सहायक वनसंरक्षकाची परीक्षा देता येते. पण तिथलं काम संरक्षणाचं आणि प्रशासनाचं आहे. तिला ते हवं असेल तर जरूर द्यावी, तुमची चिंता मिटावी म्हणून नको.

आता काय करायचं. एम.एस्सी. झाल्यावर लगेच अर्ज करू नये. आधी वर्ष-दोन वर्षं मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी), डेहराडूनची वन्यजीव संस्था किंवा बंगळुरूची एट्री ही पर्यावरण संशोधन संस्था अशा ठिकाणी प्रकल्प सहायक म्हणून काम करावं. सांख्यिकी आणि आर ही प्रोग्रॅमिंगची भाषा नीट शिकावी, क्यूजीआयएस या संगणक प्रणालीवर नकाशे करता यावेत. चारचाकी चालवता आलीच पाहिजे. लायसन्स नाही म्हणून उमेदवार मागे पडतात. येत्या उन्हाळ्यात तुमच्याच शिवारात टिटवीची घरटी लांबून पाहून नोंदवावीत : कुठे केलं, किती अंडी, पिल्लं निघाली की मोडलं, कशाने मोडलं. अंड्यांना हात लावायचा नाही, आणि वनखात्याची परवानगी लागेल का हे महाविद्यालयातल्या मार्गदर्शकांना विचारून घ्यावं.

सस्कॅचवान, मॅनिटोबा, नॉर्थ डकोटा स्टेट, साउथ डकोटा स्टेट आणि कॅन्सस स्टेट या विद्यापीठांतल्या प्राध्यापकांचं काम वाचून ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात त्यांना ई-मेल करावी. प्रत्येकाला वेगळी, अर्ध्या पानाची, त्याच्याच एखाद्या शोधनिबंधाबद्दल स्वतःला पडलेला प्रश्न घालून. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करावी, मग पुढच्या नावाकडे वळावं. मुलाखतीला बोलावलं तर तिने तीन गोष्टी न लाजता विचाराव्यात : मानधन वर्षाचे बारा महिने आहे का, फीमधला कोणता भाग स्वतः भरावा लागेल, आणि आरोग्य विमा त्यात धरला आहे का. ही उत्तरं लेखी आली की मगच तिकिटाचं बघा.