जनुकाची प्रत गप्प आहे, की नाहीच?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका शिक्षिकांचा प्रश्न: बी.एस्सी.च्या मुलांसाठी मराठीत टिपणं काढताना जीन एक्स्प्रेशनला (जनुकाची आरएनए नावाची नक्कल निघून त्यावरून प्रथिन बनण्याला) 'अभिव्यक्ती' लिहावं का? आणि आईवडिलांकडून आलेल्या दोन प्रतींपैकी एकीचंच काम चालत असेल, तर दुसरीला 'निष्क्रिय' म्हणावं, 'मूक' म्हणावं, की 'बंद'?

'अभिव्यक्ती' खुशाल लिहा, रुळलेला शब्द आहे. वाक्यात मात्र 'जनुक व्यक्त होतं' असं क्रियापद वापरा, मुलांना ते लवकर कळतं.

खरी अडचण 'निष्क्रिय'ची आहे. या एका शब्दाखाली तीन वेगळ्या अवस्था झाकल्या जातात. गुणसूत्राचा तुकडाच गळालेला असेल, तर प्रत नाहीच. तिथं 'लोप' लिहावं. प्रत शाबूत आहे, पण डीएनएला चिकटलेल्या मिथिल या रासायनिक गटांमुळे किंवा दुसऱ्या एखाद्या कारणानं तिच्यावरून आरएनए तयार होत नाही, तेव्हा ती 'गप्प'. आणि आरएनए तयार होतो, पण प्रथिन बिघडलेलं निघतं, तेव्हा ती 'सदोष'. कोल्हापुरात 'गप बसलाय' म्हटलं की त्याला बोलता येतं हे गृहीतच असतं. म्हणूनच मला 'मूक'पेक्षा 'गप्प' नेमका वाटतो.

हा भेद किती महत्त्वाचा आहे ते अँजेलमन सिंड्रोम या जन्मजात आजारावरून दिसतं. पंधराव्या गुणसूत्रावर यूबीई३ए नावाचं जनुक आहे. शरीराच्या बहुतेक पेशींत त्याच्या दोन्ही प्रती व्यक्त होतात, पण मेंदूच्या चेतापेशींत वडिलांची प्रत गप्प असते आणि सगळा भार आईच्या प्रतीवर पडतो. आईची प्रत लोपली किंवा सदोष निघाली, की बोलणं, तोल आणि बौद्धिक वाढ यांवर परिणाम होतो, बऱ्याच मुलांना झटके येतात. वडिलांची धडधाकट प्रत शेजारीच असते! तिला गप्प ठेवणारा एक लांब आरएनए त्याच भागातून उलट दिशेनं तयार होतो. तो छाटून वडिलांची प्रत बोलती करायची, या दिशेनं औषधांच्या चाचण्या सुरू आहेत. टिपणात दोन्ही प्रतींना 'निष्क्रिय' लिहिलं, तर औषध नेमकं कोणाला जागं करतंय हे विद्यार्थ्याला कसं समजावं? याच गुणसूत्राच्या त्याच पट्ट्यात वडिलांकडून आलेली, एरवी व्यक्त होणारी जनुकं हरवली, तर प्राडर-विली हा वेगळाच आजार होतो. कोणाची प्रत बोलणार हे ठरवणाऱ्या खुणेला 'जनकठसा' (इंप्रिंट) म्हणावं. बीजपेशी (अंडं किंवा शुक्राणू) घडताना जुना ठसा पुसून नवा उमटतो.

एक्स गुणसूत्राची गोष्ट निराळी. ब्रिटिश आनुवंशिकीतज्ज्ञ मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडलं, की मादी सस्तन प्राण्याच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गप्प होतो, आणि कोणता ते पेशीगणिक नशिबानं ठरतं. मांजरीच्या अंगावरचे काळे-नारिंगी ठिपके त्यातूनच येतात (पांढरा रंग दुसऱ्या जनुकाचा). तो एक्सही पूर्ण गप्प नसतो, त्यावरची काही जनुकं व्यक्त होतच राहतात. म्हणून 'एक्स बंद' लिहू नका.

प्रती कमीजास्त झाल्या तर 'मात्रा' हा शब्द वापरा. पीएमपी२२ या जनुकाच्या तीन प्रती झाल्या तर शार्को-मारी-टूथ १ए हा नसांचा आजार. एकच उरली तर दाबानं नस बधिर होण्याचा वेगळा आजार. पीएएक्स६ या जनुकाची एक प्रत गेली की डोळ्याचा रंगीत पडदा नीट घडत नाही. इथं 'एका प्रतीवर भागत नाही' हे साधं मराठी कुठल्याही जडशीळ समासापेक्षा बरं.

प्रती कमीजास्त बोलतात, त्याला 'असमतोल' म्हणा, पण तो शब्द जपून वापरा. दोन प्रतींत डीएनएचं एखादं अक्षर वेगळं असेल तरच आरएनए कोणाचा हे ओळखता येतं. वीस वाचनांत (यंत्रानं वाचलेल्या आरएनएच्या वीस तुकड्यांत) १४ विरुद्ध ६ इतका फरक निव्वळ योगायोगानंही साधारण नऊ वेळांत एकदा दिसेल. २०० वाचनांत १४० विरुद्ध ६० आलं तर योगायोग म्हणता येणार नाही. तरीही संदर्भ-जनुकसंचाशी (तुलनेसाठी धरलेल्या नमुना डीएनएशी) जुळणारं अक्षर जास्त सहज मोजलं जातं, म्हणून त्याच नमुन्याचा डीएनएही तपासावा लागतो. डीएनएतच दोनास एक निघालं, तर तो फरक मात्रेचा, अभिव्यक्तीचा नव्हे.