थ्रीडी सिस्मिक असताना समुद्रतळाची वेगळी तपासणी कशाला?

तुमचा प्रश्न असा: कृष्णा-गोदावरी खोऱ्यात हजारेक मीटर पाण्यात तेल-वायूची विहीर घ्यायची आहे, थ्रीडी सिस्मिक (ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनींवरून काढलेलं थरांचं त्रिमितीय चित्र) हाताशी आहे, वरच्या थरांत एकही ब्राइट स्पॉट (वायूमुळे चमकणारी जागा) नाही, मग जागा सुरक्षित म्हणायला हरकत काय?

हरकत आहे. आधी टॉप होल, म्हणजे विहिरीचा समुद्रतळालगतचा वरचा भाग, कसं खणतात ते डोळ्यांसमोर आणा. कंडक्टर (विहिरीची सर्वांत बाहेरची जाड नळी) मऊ गाळात जेट करत, म्हणजे पाण्याच्या झोताने वाट काढत, उतरवतात आणि पुढचं भोक बहुधा समुद्राच्याच पाण्याने खणतात. रायझर (विहीर रिगला जोडणारी नळी) नाही, बीओपी (विहिरीचं तोंड बंद करणाऱ्या झडपांचा संच) अजून रिगवरच. जे वर येईल ते समुद्रतळावर सांडतं. या काहीशे मीटरांत गडबड झाली तर बंद करायला झडपच नसते. हाताशी उरतं ते निवडलेली जागा आणि तयार ठेवलेलं जड मड (विहिरीतला दाब रोखणारा दाट द्रव).

मेक्सिकोच्या आखातातलं उर्सा क्षेत्र आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असतं. तिथे पाणी साधारण 1,200 मीटर. हिमयुगात मिसिसिपीने वाळूवर चिखल इतक्या झपाट्याने आणून टाकला की वाळूतल्या पाण्याला निसटायला सवडच मिळाली नाही; वरच्या थरांचं बरंचसं ओझं त्या कोंडलेल्या पाण्यानेच पेललं. 1990 च्या दशकाच्या अखेरीस तिथे विहिरी खणल्या, तेव्हा ते पाणी वाळूसकट केसिंगच्या (विहिरीला अस्तर म्हणून बसवलेल्या पोलादी नळीच्या) बाहेरून उसळलं. वाळू वाहून गेली, केसिंगचा आधार सुटला आणि केसिंग वाकलं. अनेक विहिरी वाया गेल्या, नुकसान 15 कोटी डॉलरच्या घरात. वायू नव्हे, नुसतं पाणी! आणि पाण्याने भरलेली वाळू सिस्मिकवर वायूसारखी चमकत नाही. म्हणून ‘ब्राइट स्पॉट नाही, सबब धोका नाही’ असं अहवालात वाचलं की मी तो परत पाठवतो.

अँप्लिट्यूडचे (प्रतिध्वनींच्या ताकदीचे) नकाशे उघडण्याआधी गाळाची कुंडली मांडा. कोणता थर किती वेगाने साचला? गाडल्या गेलेल्या चॅनेलची (जुन्या प्रवाहमार्गांची) वाळू कुठे आहे, तिच्यावर चिखलाचं झाकण किती जाड? जवळच्या विहिरींच्या टॉप होलचे ड्रिलिंग रिपोर्ट मागवा. ते कंटाळवाणे असतात, पण सर्वांत जास्त तिथेच सापडतं.

आता थ्रीडीची नजर. ध्वनीचा वेग 1,600 मीटर प्रतिसेकंद आणि वारंवारता 50 हर्ट्झ धरली, तर तरंगलांबी 32 मीटर. तिचा चौथा हिस्सा 8 मीटर. त्याहून पातळ थराचा माथा आणि तळ वेगळे दिसत नाहीत. समुद्रतळावरचे पॉकमार्क (वायू किंवा पाणी बाहेर पडून झालेले खळगे), छोटे भ्रंश, घसरणीच्या ताज्या खुणा यांच्यासाठी तळापासून काही दहा मीटरांवरून जाणारं एयूव्ही (पाण्याखाली स्वतःहून फिरणारं यंत्र) लागतं. (2001 मध्ये मेक्सिकोच्या आखातात पाइपलाइनसाठी अशीच पाहणी चालली असताना दुसऱ्या महायुद्धातली बुडालेली जर्मन पाणबुडी यू-166 सापडली होती.) मात्र एयूव्हीचा सब-बॉटम प्रोफायलर (तळाखालचे थर ध्वनीने टिपणारं उपकरण) काही दहा मीटरच आत बघतो. त्याखाली पुन्हा थ्रीडीच, जमल्यास उथळ भागासाठी नव्याने प्रोसेस केलेलं.

तुमच्या खोऱ्यात हायड्रेटही (पाणी आणि वायू मिळून झालेला, उष्णतेने वितळणारा बर्फासारखा पदार्थ) आहे. 2006 च्या राष्ट्रीय मोहिमेत तिथे एका जागी चिकणमातीच्या भेगांमधून सुमारे 130 मीटर जाडीत ते सापडलं. थरांना छेदत समुद्रतळाला समांतर जाणारा उलट्या ध्रुवतेचा (समुद्रतळाच्या प्रतिध्वनीच्या उलट दिशेचा) बीएसआर, म्हणजे हायड्रेटच्या थराचा तळ दाखवणारा प्रतिध्वनी, शोधा. त्याच्या खाली मोकळा वायू असू शकतो. पण बीएसआर नाही म्हणून हायड्रेट नाही, असंही धरू नका. ते दिसलं की लगेच जागा रद्द करायची गरज नसते. सिमेंट घट्ट होताना निघणारी उष्णता आणि पुढे वर्षानुवर्षं वर येणारं गरम तेल हा खरा त्रास, त्यामुळे सिमेंटवाल्यांना आधीच बोलवा.

शेवटी ड्रिलरला ‘मध्यम धोका’ एवढंच लिहून देऊ नका. कोणता थर, रिगच्या डेकपासून किती खोल, अधिक-उणे किती मीटर, ते लिहा. संशय दाट असेल तर शे-दोनशे मीटर जागा सरकवता येते का बघा. तेही जमत नसेल तर आधी लहान व्यासाचं पायलट होल घ्या आणि आरओव्हीचा (रिगवरून चालवायच्या पाण्याखालच्या यंत्राचा) कॅमेरा कंडक्टरच्या तोंडावरून हलवू देऊ नका. पंप थांबवल्यावरही तोंडाशी गढूळ पाणी येत राहिलं, तर विहीर वाहू लागली आहे.